लिंबूटिंबू रॉबिन

पत्राचा सारांश: इंदूरचे एक वाचक, वय 44. दोन मुलगे, थोरला 12 वर्षांचा आणि धाकटा 8 वर्षांचा. वाचकांना लहानपणापासून कॉमिक्सचा नाद. त्यातही जीव सुपरहीरोंवर नाही, त्यांच्या साइडकिकवर, म्हणजे जोडीला असणाऱ्या दुय्यम पात्रांवर: बॅटमॅनचा रॉबिन, कॅप्टन अमेरिकेचा बकी, चाचा चौधरीचा साबू, जादूगार मँड्रेकचा लोथार. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाड्याने आणून वाचलेले आणि पुढे खजूरी बाजारातून जुने शोधून घेतलेले तीनेकशे अंक दिवाणात जपून ठेवलेले आहेत. गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या वेशभूषा स्पर्धेसाठी त्यांनी रात्री जागून दोघांचे पोशाख स्वतः शिवले. थोरला बॅटमॅन, धाकटा रॉबिन. निवेदकाने माईकवर 'अब आ रहे हैं बॅटमॅन और उनका छोटू' असं पुकारलं, लोक हसले, आणि धाकटा पायरीवरूनच मागे फिरला. दुसऱ्या दिवशी त्याने पिवळी केप कात्रीने 'अगदी सरळ' कापली आणि तिचं सायकल पुसायचं फडकं केलं. वडिलांनी त्याला लक्ष्मणाची गोष्ट सांगितली. 'तुझा काकासुद्धा माझ्या मागे मागे असायचा, कधी कुरकुर केली नाही त्याने,' असंही सांगितलं. (काका आता पुण्यात, बोलणं सणावारी.) उपयोग शून्य. पत्नीचं म्हणणं, तुमचा छंद पोरांच्या अंगावर शिवू नका, आणि एकदाचा तो दिवाण रिकामा करा. आता गणपती पुन्हा तोंडावर आलेत. वाचक विचारतात: साइडकिकचं मोठेपण मुलाला कसं पटवून द्यावं? की माझी आवडच चुकीची आहे?

नमस्कार.

आधी त्या फडक्याबद्दल. रागावलेलं मूल वस्तू फेकतं, फाडतं, पलंगाखाली कोंबतं. तुमच्या धाकट्याने कात्री घेतली, सरळ रेषेत कापलं आणि त्या कापडाला काम लावून दिलं. मला तरी हा राग वाटत नाही, निकाल वाटतो. त्यामुळे 'कसं पटवून द्यावं' हा तुमचा प्रश्न मी बाजूला ठेवते आहे. ती वेळ गेली.

तुमच्या आवडीचं म्हणाल, तर तिच्यात काही चूक नाही. उलट पारख चांगली आहे. गाणं ऐकणाऱ्या माळव्यातल्या माणसाला साथीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. देवासचे कुमारजी म्हटलं की तबल्यावरचे वसंतराव आचरेकर आठवणारी पिढी आपल्या घराघरांत होती. मुख्य कलाकाराकडे सगळे बघतात. शेजारच्याकडे बघायला थोडी जास्त नजर लागते, ती तुमच्याकडे आहे.

पण मग गडबड कुठे झाली? मला वाटतं, तुम्ही रॉबिनची गोष्ट कायम एकाच बाजूने वाचलीत.

बॅटमॅन पहिल्यांदा आला मे 1939 च्या अंकात, रॉबिन एप्रिल 1940 च्या. मधल्या अकरा महिन्यांत लेखक बिल फिंगर यांची अडचण झाली होती. रात्री-बेरात्री एकटाच फिरणारा हा माणूस बोलणार कोणाशी? प्रत्येक चौकटीत मनातल्या मनात विचार करत बसला तर गोष्ट पुढे कशी सरकायची? शेरलॉक होम्सला वॉटसन असतो, तसं कोणीतरी हवं होतं. म्हणून सर्कशीतलं एक पोरकं पोर आलं, लाल-हिरव्या-पिवळ्या कपड्यांत. हे सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. फक्त एवढं लक्षात घ्या की रॉबिनला काही हवं होतं म्हणून रॉबिन जन्मला नाही. बॅटमॅनला बोलायला कोणी नव्हतं, म्हणून जन्मला.

हे वाक्य जरा बाजूला ठेवा. शेवटी लागणार आहे.

प्रकाशकांचा हिशोब असा की वाचणारी पोरं रॉबिनमध्ये स्वतःला बघतील. पुष्कळांनी पाहिलंही असेल, नाहीतर मार्च 1941 च्या अंकात कॅप्टन अमेरिकेच्या बगलेला पहिल्याच दिवसापासून बकी उभा राहिला नसता. पण ज्यूल्स फायफर नावाचे नामांकित अमेरिकन व्यंगचित्रकार होते. रॉबिन आला तेव्हा ते 11 वर्षांचे, म्हणजे तुमच्या दोन मुलांच्या मधल्या वयाचे. पुढे 1965 मध्ये त्यांनी सुपरहीरोंवर पुस्तक लिहिलं आणि त्यात कबूल केलं की हा पोरगा त्यांना डोळ्यांसमोर नको व्हायचा. कारण मोठं गमतीचं आहे. बॅटमॅन मोठा माणूस. आपणही मोठे झालो की तसे होऊ, अजून वेळ आहे, तयारी करता येईल. रॉबिन मात्र आपल्याच वयाचा, आणि त्याला आत्ताच सगळं येतं! म्हणजे हा शेजारच्या बिऱ्हाडातला पहिला नंबर काढणारा मुलगाच झाला की. असल्या मुलावर प्रेम करा म्हटलं तर कोण करेल?

तुमच्या धाकट्याचं दुखणं याहून साधं आहे, पण त्याच जातीचं. साइडकिकला मराठीत नेमका शब्द नाही. साथीदार म्हटलं तर चोराचा वाटतो, चेला म्हटलं तर बुवाचा. आठ वर्षांच्या मराठी मुलाकडे मात्र त्यासाठी एक शब्द तयार असतो आणि तो म्हणजे लिंबूटिंबू. मोठ्यांच्या खेळात ज्याला घेतात, पण ज्याची धाव मोजत नाहीत आणि ज्याचा आउट धरत नाहीत, तो. त्याच्यावर राज्य येत नाही याचा त्याला पहिल्या दिवशी आनंद होतो. चौथ्या दिवशी तो रडत घरी येतो. तुम्ही स्टेजवर रॉबिन पाठवत होतात, तो लिंबूटिंबू म्हणून चढत होता. वर निवेदकाने 'छोटू' म्हटलं. इंदूरमध्ये छोटू म्हणून कोणाला हाक मारतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि तुमच्या मुलालाही. टपरीवरचे चहाचे ग्लास उचलतो तो. माणूस वाईट बोलला नाही, बिचारा माईक हातात आला की सुटतात काहीजण. पण त्या एका शब्दाने तुमची सगळी शिलाई उसवली.

आता लक्ष्मण. हे उदाहरण आपण सगळेच देतो, आणि प्रत्येक वेळी त्यातली मुख्य गोष्ट गिळून टाकतो. वनवास लक्ष्मणाला झालाच नव्हता. कैकेयीने त्याचं नावही घेतलं नव्हतं. तो स्वतः हट्ट करून निघाला, रामाने नको म्हटलं तरी. दशरथाने दोघांचे पोशाख शिवून 'तू पुढे, तू मागे' असं सांगितलं असतं तर रामायण अयोध्येच्या वेशीपर्यंतही गेलं नसतं.

तुमच्या दिवाणातले रॉबिनही असेच वाचून पाहा. 1986 च्या एका प्रसिद्ध कथेतली कॅरी केली ही तेरा वर्षांची मुलगी. तिला कोणी बोलावलेलं नसतं. ती स्वतःच्या पैशांनी रॉबिनचा पोशाख विकत घेते आणि म्हाताऱ्या बॅटमॅनला शोधत निघते. 1989 मधला टिम ड्रेक तर स्वतःच्या डोक्याने बॅटमॅन कोण ते ओळखतो आणि दारात येऊन सांगतो की तुम्हाला रॉबिनची गरज आहे. ही दोघं लक्ष्मणाच्या वळणाची. यांच्या मधला जो जेसन टॉड, त्याला बॅटमॅनने उचलून आणला होता. पोरगं बॅटमॅनच्याच गाडीची चाकं चोरताना सापडलं, आणि पहिल्या रॉबिनची जागा रिकामी होती. त्याचं काय झालं तुम्हाला ठाऊक आहे, पण इतर वाचकांसाठी सांगते. 1988 मध्ये प्रकाशकांनी दोन फोन नंबर छापले. एकावर फोन केला तर जेसन जगेल, दुसऱ्यावर केला तर मरेल. एका फोनला 50 सेंट. जगण्याच्या बाजूने 5,271 मतं पडली, मरणाच्या बाजूने 5,343. बहात्तर मतांनी तो मुलगा गेला. मला हे वाचून आजही कसंसंच होतं. बॅटमॅनबद्दल असं मतदान घ्यायची कोणाची छाती झाली असती? साइडकिकच्या मोठेपणाच्या गोष्टी सांगताना हाही भाग त्याच्याच वाट्याला येतो, हे लपवू नका. हसणाऱ्या गर्दीसमोर तुमच्या मुलाला तोच भाग आधी दिसला.

एक मात्र खटकलं. पत्रात तुम्ही साबूचं नाव घेतलंत, पण मुलाला कधी साबू व्हायचंय का हे विचारलेलं दिसत नाही. साबू गुरू ग्रहावरून आला आणि राहिला तो बिनी चाचीच्या पराठ्यांसाठी, म्हणजे स्वतःच्या मर्जीने आणि अगदी रास्त कारणाने. हा असा साइडकिक आहे की शेजारचा हीरो त्याच्या कमरेलाही पुरत नाही. त्याला छोटू म्हणायची माईकवाल्याची हिंमत झाली असती?

आणि ध्रुव! तुम्ही 44 चे, म्हणजे 1987 मध्ये सुपर कमांडो ध्रुव आला तेव्हा सहा-सात वर्षांचे. सर्कशीत वाढलेलं पोर, आई-वडील सर्कशीतच गेले, अंगात कसलीही दैवी शक्ती नाही, जे काही ते कसरत आणि डोकं. ओळखीचं वाटतंय ना? मी तर ध्रुवला बॅटमॅन न भेटलेला रॉबिन म्हणते. कोणी बोट धरायला आलं नाही, म्हणून तो स्वतःच नायक झाला. शिवाय त्याच्या घरात बहीण श्वेता आहे, जी चंडिका होऊन त्याच्या मदतीला धावते आणि त्या शहाण्याला पत्ता नसतो. धाकट्या भावंडांना ही गोष्ट फार आवडते, माझा अनुभव आहे. मी स्वतः तीन बहिणींत धाकटी. शाळेच्या नाटकात मला आठ वर्षांत सात वेळा सखीचं काम मिळालं, आठव्या वर्षी हरणाचं. हरीण झाले तेव्हा मी पहिल्यांदा खूश होते, कारण हरीण कोणाचं नव्हतं.

तर यंदाच्या गणपतीत काय करायचं?

मुलाला 'बॅटमॅन होतोस की साबू' असे पर्याय ठेवू नका. 'काय व्हायचंय' एवढंच विचारा, आणि तेही शिलाई मशीनसमोर बसून नाही, दुसरं काहीतरी काम करताना. 'काही नाही' हेही उत्तर आहे. मग तो खाली सतरंजीवर बसून खिरापत खाईल, तेवढाच गणपती. 'मलाही बॅटमॅन व्हायचंय' म्हणाला तर दोन बॅटमॅन पाठवा. 'गोष्टीत दोन नसतात' असं म्हणायची सोय तुम्हाला नाही. 2009 पासून काही काळ पहिला रॉबिन, म्हणजे डिक ग्रेसन, स्वतः बॅटमॅन झाला होता आणि त्याच्याबरोबरचा दहा वर्षांचा नवा रॉबिन, डेमियन, मनातून स्वतःलाच थोर समजत होता. तुम्हाला प्रसंग आठवत असतील, मी फक्त साल सांगितलं.

दुसरा उपाय अर्धा थट्टेचा आहे, अर्धा नाही. साइडकिक इतका मानाचा असेल तर यंदा तुम्ही व्हा. मुलगा जे काही होईल, त्याच्या मागे तुम्ही चढा. पिवळी केप, हिरवी चड्डी, उघडे पाय. (पहिली पन्नास वर्षं रॉबिनला फुल पँट मिळाली नव्हती. 1990 मध्ये नवा पोशाख आला तेव्हा कुठे पाय झाकले. धाकट्याच्या रागात या चड्डीचा वाटा किती, हेही एकदा विचारा. माझा अंदाज, निम्मा तरी.) स्टेजच्या पायऱ्यांवर, कॉलनीतल्या दोनशे माणसांसमोर, माईकवरून 'और उनका छोटू' ऐकू आल्यावर पोटात काय होतं ते एकदा अनुभवा. तिथेही मान ताठ ठेवून चालत गेलात, तर लक्ष्मणाची गोष्ट तुम्हाला परत सांगावी लागणार नाही.

हे फक्त कॉमिक्सवाल्यांना लागू नाही बरं का. माझ्याकडे तबला शिकवणाऱ्या वडिलांचं पत्र येतं, क्रिकेटवाल्यांचं येतं, मागे एका आजोबांचं आलं होतं ज्यांना नातवाने तिकिटं जमवायला हवी होती. सगळ्यांच्या पत्रात 'त्याला आवड लागावी म्हणून' हे शब्द असतात, आणि मुलाला आधीपासून काय आवडतं ते एकाही पत्रात नसतं. तुमच्याही नाही. मला त्याच्याबद्दल एवढंच कळलं की तो सायकल पुसतो. रोज पुसतो का? सायकल कोणती? ती खोलून परत जोडता येते का त्याला? ज्याला कापड सरळ कापता येतं आणि ज्याची सायकल चकचकीत असते, त्या मुलाच्या हाताला काहीतरी हवंय. पुढचा पोशाख त्यालाच कापू द्या, कोणाचाही असो.

थोरल्याबद्दल तर तुम्ही एकच वाक्य लिहिलंय: 'त्याची काही तक्रार नाही.' बारा वर्षांच्या मुलाची तक्रार नसते, कारण तो अजून तुम्हाला दुखवायला धजत नाही. पुढच्या वर्षी मित्र बघतील म्हणून तोही काळा मुखवटा घालणार नाही, तेव्हा आश्चर्य वाटू देऊ नका. त्याला यंदाच मोकळं करा.

आता वहिनींचा मुद्दा. पहिलं वाक्य त्यांचं शंभर टक्के बरोबर. दुसरं नाही. तीनशे अंक रद्दीत घालू नका. पण दिवाणातून काढा, कारण दिवाण ही वस्तू जपायची जागा नाही, विसरायची आहे. गाद्यांच्या खाली पावसाळ्याची ओल धरते, आणि वाळवी एकदा लागली की कोपऱ्यातून सुरुवात करून मधोमध पोहोचेपर्यंत कळत नाही. कागद स्वस्तातला आहे, तो पिवळा पडणारच. त्यावर चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी ती गळून पडते आणि तपकिरी डाग मागे ठेवते. उघड्या फळीवर, भिंतीपासून जरा लांब, उभे लावा. चांगले पन्नास अंक वरच्या फळीवर तुमचे, बाकीचे खाली, पोरांचा हात पोहोचेल तिथे. त्यातले थोडे फाटतील. फाटू द्या. कोणी काय वाचलं हे विचारू नका, वाचताना शेजारी बसून 'आता बघ काय होतं' तर मुळीच म्हणू नका. वहिनींना दिवाण मोकळा मिळेल, म्हणजे हिवाळ्याच्या रजया तरी कुठेतरी जातील. त्यांचं भांडण बॅटमॅनशी आहे की जागेशी, हे तेव्हा कळेल. बहुधा जागेशीच असतं.

आता ते बाजूला ठेवलेलं वाक्य. बॅटमॅनला बोलायला कोणी नव्हतं.

तुमचं पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यातली दोन पानं लोथारवर आहेत: बिबट्याचं कातडं पांघरलेला नोकर म्हणून तो 1934 मध्ये कसा सुरू झाला आणि पुढे मँड्रेकचा बरोबरीचा मित्र कसा झाला, हे तुम्ही इतकं सुरेख लिहिलंय की मी ती पानं दोनदा वाचली. मुलांबद्दल अर्धं पान. म्हणजे तुम्हाला हे कोणाशी तरी बोलायचंय, आणि घरात ऐकून घेणारं कोणी नाही. आठ वर्षांच्या मुलाकडून ती जागा भरून निघणार नाही. त्यासाठी तुमच्या वयाचा, तेच अंक त्याच भाड्याने वाचलेला माणूस लागतो.

तो पुण्यात आहे.

'कधी कुरकुर केली नाही त्याने' हे तुम्ही त्याच्या वतीने लिहिलंय. त्याला कधी विचारलंय? तुम्ही थोरले. साइडकिकवर जन्मभर प्रेम केलंत ते बॅटमॅनच्या बाजूने, कारण तुमच्या मागे कोणीतरी धावत येत होतं आणि ते तुम्हाला फार छान वाटत होतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण धावणाऱ्याला कसं वाटत होतं हे सांगू शकणारा एकच माणूस आहे, आणि तुमच्या धाकट्याला समजून घ्यायला माझ्या या लांबलचक उत्तरापेक्षा त्याच्याशी दहा मिनिटं बोललात तर जास्त उपयोग होईल.

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाली की फोन लावा. सण नसताना फोन आला म्हणून तो आधी घाबरेल, 'सगळं ठीक ना?' विचारेल. ठीक आहे म्हणून सांगा. मग लोथारबद्दल बोला, खजूरी बाजाराबद्दल बोला. बोलणं रंगलं की हळूच विचारा: गल्लीत क्रिकेट खेळायचो तेव्हा मी तुला पहिली बॅटिंग कधी दिली होती का रे?